टोच

५ जून
अठरावा दिवस. अंडी फिरवणारा ट्रे काढला, अंडी जाळीवर आडवी मांडली. आता फिरवाफिरवी बंद. खोलीत अंधार करून मोबाईलच्या उजेडावर एकेक पाहिलं. बहुतेक काळी, भरलेली. रुंद टोकाला हवेची पोकळी तेवढी उजळ. एकात त्या पोकळीच्या कडेला सावली हलली.
दोन बाद. एकाला वास. लांब नेऊन पुरलं. मशीनमध्ये फुटलं असतं तर सगळ्यांचं वाटोळं.
पाण्याचा दुसरा कप्पाही भरला. आर्द्रता ५० वरून ६८. तापमान ३७.५. झाकण लावलं, वर चिठ्ठी चिकटवली: उघडू नये. धाकट्यासाठी. आत्यांना वाचता येतं, हे बरं.

रात्री
आत्या म्हणाल्या, "कोंबडी अंड्यातल्या पिल्लांसंगं बोलती. तुझं डबडं बोलतंय का?"
पंख्याची घरघर तेवढी.

६ जून
३७.५. ६७.
तांबडी खुडूक आहे. रिकाम्या पाटीत बसून. हात नेला की टोचते. आत्यांचं तेच, अंडी तिच्याखाली घालायची होतीस.
गेल्या उन्हाळ्यात मुंगसानं रवणीवरची कोंबडी नेली, ती आत्यांचीच.

७ जून
पहाटे पेटीला कान लावला. ची. कवचाला तडा नाही, आवाज मात्र आतून.
दुपारी पहिली टोच. तांदळाएवढा कवचाचा तुकडा उचललाय, खाली पांढरा पापुद्रा.
ह्यांचा फोन. "निघाली का?" टोच मारलीय म्हटलं. "मग काढ की बाहेर."
फोन ठेवला.

संध्याकाळी कोयनेच्या अंगानं आभाळ भरून आलं. मृग उद्यापासून.
८.१० लाईट गेली. धरण हाकेच्या अंतरावर.
पेटीवर गोधडी. वरची भोकं उघडी ठेवली, आता त्यांना श्वास लागतो.
९.०० ला ३६.१.
९.४० ला ३५.२.
आत्यांनी न सांगता चूल पेटवली. गरम पाण्याच्या बाटल्या पेटीला बाहेरून लावल्या. "कोंबडीबी दाणं टिपाय उठतीच की. तेवढं सोसतंय त्यास्नी."
१०.५५ ला ३४.४.
११.२० ला आली.

८ जून
पहिलं पहाटेच. कवच आतून गोल कापत आणलं, मध्येच थांबलं, पुन्हा कापलं. मग पायांनी रेटा. बाहेर आलं आणि मान टाकून पडलं. चोचीच्या टोकावर पांढरा कणीसारखा दात. त्यानंच एवढं सगळं.
दुपारपर्यंत जाळीवर गोंधळ. वाळलेली पिल्लं ओल्यांच्या अंगावरून चालतात, न फुटलेली अंडी ढकलतात. आर्द्रता आपोआप ७४.
धाकटा काचेला नाक लावून. "आई, ती उपाशी आहेत." पोटात बलक ओढून घेतलाय, दोन दिवस भागतं. त्याला पटलं नाही. दाणे घेऊन बसलाय.

एका अंड्याला सकाळची टोच, तशीच. चिंचोळ्या टोकाला मारलीय. तिथे हवा नसते.
आत्या: "सोलून काढ. मरंल ते."
पापुद्र्यातल्या शिरा सुकल्या नसतील तर रक्त येतं. झाकण उघडलं की वाफ गेली, बाकीच्यांचा पापुद्रा आवळतो. अजून चारांनी नुसती टोच मारलीय.
हात मांडीखाली घेऊन बसले.

रात्री १२.००. आवाज येतोय.
२.००. येतोय. बारीक.

९ जून
चारही निघाली. चिंचोळ्या टोकाचं गप्प.
सगळी वाळल्यावर झाकण उघडलं. ते अंडं फोडून पाहिलं. बलक अजून पोटाबाहेर होता.
आत्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचं तूस, वर बल्ब. ३५. आधी गूळपाणी, एकेकाची चोच बुडवून. मग मक्याची बारीक भरड. बल्बखाली गर्दी झाली, बल्ब खाली घेतला. पांगली. बरं.
धाकट्यानं दाणे टाकले.

१० जून
सकाळी मोजली तर खोक्यात निम्मीच. काळजात धस्स. मुंगूस म्हणून मागच्या दारी धावले.
आत्यांनी रात्री अंधारात तांबडीच्या पोटाखाली सरकवली होती. डालग्यावर दगड, भोवती जाळी. तांबडी पंख पसरून कुरकुरतेय. जवळ गेले तर अंगावर आली.
"आता बोलतंय बघ तुझं डबडं."

१२ जून
लासोटा लशीचं बघायला हवं. डोळ्यात एक थेंब. बाटली शंभराच्या वर पिल्लांची, वाडीत अजून कुणाकडे आहेत विचारायचं. बर्फ टाकून थर्मासमध्ये आणायची.
खोक्यातलं एक पाय फाकून चालतंय. दोन्ही पायांना पट्टी बांधली.

१४ जून
आत्यांनी फडताळात अंडी जमवायला घेतलीत. चिंचोळं टोक खाली, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख.
म्हटलं, आठ दिवसांपेक्षा जुनी नकोत.
"मला सांगतीस?"