आधी ऊन, मग अजगर

थंडीत भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानाच्या दाराशी उजाडायच्या आतच गर्दी होते. पक्ष्यांसाठी ते बरोबरच आहे, पण अजगरासाठी पहाटेची घाई व्यर्थ. जानेवारीत धुकं कधी कधी दहापर्यंत हटत नाही. ज्याला बाहेरच्या उबेवरच जगायचं, तो त्याआधी बिळातून येईल कशाला? इथले सायकलरिक्षावाले हे पक्कं जाणतात. "धूप निकलने दो, साब," म्हणतात आणि आधी पाण्याकडे नेतात.

हे पाणी आपोआप साचलेलं नाही. ते अजान बांधातून सोडतात आणि आतले छोटे बांध नि झडपा ते खेळवतात. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या या जागेला १९८५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो या पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांमुळे. पक्षी शोधताना मी म्हणून आधी पाण्याची खोली बघतो. घोट्याएवढ्या पाण्यात सारसाची जोडी, तरंगत्या पानांवर कमळपक्षी आणि खोल पाण्यात उभ्या बाभळींवर तिरंदाज. तिरंदाजाची पिसं भिजतात, त्यामुळे त्याला बुडी सोपी जाते. पण वर आल्यावर पंख पसरून वाळवत बसावंच लागतं. तो बाभळीच्या ज्या बाजूला बसलाय, त्या बाजूला ऊन आलं असं समजायचं आणि रिक्षा वळवायची.

अजगराची जागा पाण्यापासून जरा उंच, कोरड्या गवतात. तो स्वतः बीळ खोदत नाही, साळिंदराच्या बिळात राहतो. दोघं एकाच बिळात नांदत असल्याच्या नोंदी याच उद्यानातल्या आहेत. बिळाच्या तोंडाशी काळे-पांढरे काटे पडलेले दिसतात. तेवढ्यावर थांबू नये, माती बघावी. अवजड अजगर सावकाश निघाला की नागमोडी जात नाही, पोटाच्या खवल्यांवर सरळ सरकतो. त्यामुळे धुळीत चोपून गुळगुळीत झालेला एक सरळ पट्टा उमटतो. पट्ट्याच्या कडा अजून ढासळल्या नसतील आणि त्यावर पाखरांची पावलं नसतील, तर माग ताजा. मग त्या बिळाच्या उन्हाकडच्या उतारावर नजर ठेवायची. सुरुवातीला वाळलेलं गवतच दिसतं, मग त्या गवताचा एक भाग श्वास घेताना दिसतो.

इथेच थांबायला हवं. लोक मोबाइल काढून पुढे सरकतात, पावलांची धमक जमिनीतून पोचते आणि अजगर आत जातो. मला याचा मनापासून राग येतो. त्याच्या वाट्याला हिवाळ्यात उन्हाचे मोजकेच तास येतात. भक्ष्य गिळलेलं असेल तर पचायला ऊब लागते. ती मिळाली नाही तर गिळलेलं ओकून टाकावं लागतं. म्हणून मी लांबच बसतो, दुर्बीण लावतो आणि मागून येणाऱ्यांनाही हात धरून शेजारी बसवतो. काहीजण कुरकुरतात, तरी बसवतो.