गेंजीच्या गावी दोन अंगठे

ऊजी या गावाशी माझा परिचय केवळ पुस्तकी होता. अकराव्या शतकात मुरासाकी शिकिबू या बाईंनी गेंजीची जी प्रदीर्घ कथा लिहिली, तिची अखेरची दहा प्रकरणे ऊजीभोवती घुटमळतात. कादंबरीची कुळकथा सांगताना मी दरवर्षी वर्गात या गावी उतरतो आणि तासाची घंटा होईपर्यंत मुक्काम हलवीत नाही. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात ओसाकाला दादाकडे जायचे ठरले, तेव्हा "काय पाहायचंय तुला?" या त्याच्या प्रश्नाला मी फोनवरच उत्तर दिले, "ऊजी."

"अरे वा! मग तिकिटासाठी आजच नाव घालतो," दादा म्हणाला.

नदीला आणि धुक्याला तिकीट कशाला, हे मला समजेना. उलगडा झाला तो तिथे पोचल्यावर. ऊजीत निंटेंडो कंपनीने आपल्या खेळांचे संग्रहालय उघडले आहे, त्याची तिकिटे तीन महिने आधी सोडतीने मिळतात, आणि मराठीचा प्राध्यापक असला तरी माझा धाकटा भाऊ ऊजीला दुसरे काय पाहायला येणार, अशी दादाची प्रामाणिक समजूत होती!

खरे सांगायचे तर ऊजी हे निमित्त होते. माझ्या पिशवीत वाईच्या घराच्या वाटणीचा मसुदा होता. आई गेल्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून त्या घराविषयी आम्हा दोघा भावांचे जे काही बोलणे होई, ते वहिनी आणि माझी पत्नी यांच्यामार्फत. ओसाकाला येऊन चार दिवस झाले तरी तो मसुदा पिशवीतच होता. दादाने विचारले नाही, मी काढला नाही.

सकाळी आम्ही ब्योदो-इन पाहिले. १०५३ सालचे ते मंदिर तळ्याच्या पाण्यात आपले प्रतिबिंब न्याहाळीत उभे आहे. दहा येनच्या नाण्यावर हेच मंदिर कोरलेले आहे. हिरवा चहा प्यालो, आणि दुपारी एक स्टेशन ओलांडून ओगुराला उतरलो.

संग्रहालयाची इमारत दिसायला साधी आहे. १९६९ साली बांधलेला हा कारखाना. पूर्वी इथे पत्ते तयार होत. हे संग्रहालय २ ऑक्टोबर २०२४ ला उघडले. निंटेंडोचा मूळ धंदा पत्त्यांचाच. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली क्योतोत 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते करायला सुरुवात केली. हा पत्ता आपल्या पत्त्याहून लहान, पण जाड आणि कडक असतो. खेळताना तो खाली आपटला की खणखणीत आवाज येतो. म्हणजे डाव जिंकण्याच्या आधीच हाताला आणि कानाला थोडी दक्षिणा मिळालेली असते. पुढे वरच्या मजल्यावर जे पाहिले, त्याचे सारे बीज मला या आवाजातच दिसले.

वरच्या मजल्यावर फोटो काढायला मनाई आहे, हे फार बरे. माणसे डोळ्यांनी पाहतात. भिंतीभर यंत्रे मांडलेली. १९८३ सालच्या फॅमिकॉमपुढे आम्ही दोघेही थबकलो. तांबड्या-पांढऱ्या पेटीला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेले, दावणीला बांधलेल्या वासरांसारखे. याच यंत्राची एक हलकी नक्कल आमच्या लहानपणी वाईच्या घरात होती. आम्ही कंट्रोलरला 'रिमोट' म्हणायचो. पहिला रिमोट अर्थात दादाचा. दुसरा माझा.

"हे बघ," मी म्हणालो. "दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट'चं बटण नाही."

दादा वाकून पाहू लागला. खरेच नव्हते. मूळ यंत्रात त्या जागी बोलण्यासाठी एक छोटा मायक्रोफोन आहे. आमच्या नकलेत तर तोही नव्हता, नुसते सपाट प्लॅस्टिक.

"म्हणजे तुला कधी खेळ सुरूच करता येत नव्हता?"

"थांबवताही येत नव्हता."

दादा काही बोलला नाही. पण पुढच्या कपाटाकडे जायला त्याने बराच वेळ लावला.

त्या कंट्रोलरच्या डाव्या अंगाला जी अधिक चिन्हासारखी कळ आहे, तिची कथा मोठी मनोरम आहे. ती योजली गुनपेइ योकोई यांनी. हे गृहस्थ १९६५ साली कंपनीत लागले ते पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रे नीट ठेवण्यासाठी. फावल्या वेळात त्यांनी लांब होणारा एक लाकडी चिमटा करमणूक म्हणून केला. तो मालकांनी पाहिला आणि १९६६ साली 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आणला. १९८२ साली त्यांना खिशात मावणाऱ्या, घडी होणाऱ्या 'डाँकी काँग' खेळासाठी दिशा दाखवणारी कळ हवी होती. दुकानांतल्या मोठ्या यंत्रांना असे तसा दांडा घडीत मावेना. त्यांनी चार दिशांची एकच फुली केली आणि ती मधल्या टेकूवर तोलली. एक बाजू दाबली की समोरची वर येते. त्यामुळे डावे आणि उजवे एकदम दाबण्याची चूक होत नाही, आणि कुठे दाबले हे अंगठ्याला न पाहता कळते. मुलांच्या जत्रेतला सी-सॉ अंगठ्याखाली आणून बसवला, एवढेच! पण या एवढ्याशा गोष्टीने खेळणाऱ्याची नजर हातावरून सुटली आणि पडद्यावर गेली.

आपल्याकडे 'हात बसणे' असा सुंदर शब्दप्रयोग आहे. तबल्यावर हात बसतो, भाकरीवर बसतो, अक्षरावर बसतो. हात बसला म्हणजे साधन नाहीसे होते. 'मारिओ'च्या १९८५ सालच्या खेळात उडीचे बटण चटकन सोडले तर उडी आखूड पडते, दाबून धरले तर लांब जाते. एकाच बटणात लघू आणि गुरू! वृत्ताची मात्रा चुकली की ओळ लंगडते. इथे मात्रा चुकली की मारिओ खड्ड्यात. हे सारे बटण इमानी असेल तरच. आमच्या रिमोटच्या बटणाखालच्या रबराला काळी टिकली होती. ती खालच्या पट्टीला टेकली की विजेचा मार्ग पुरा होई. टिकली झिजली की मी नेमका दाबूनही मारिओ उडत नसे, आणि दादा म्हणे, "तुला येतच नाही." मग तोच स्क्रू काढून त्या टिकलीवर मऊ शिसपेन्सिल घासून देई. आठवडाभर मला पुन्हा यायला लागे. बटण खोटे निघाले की माणूस स्वतःला नालायक समजू लागतो, हे मी तेव्हाच शिकलो. खुद्द निंटेंडोलाही चुकत शिकावे लागले. फॅमिकॉमची पहिली चौकोनी रबरी बटणे दबली की अडकत. ती काढून पुढे कडक गोल बटणे बसवली.

हाताच्या सवयी देशपरत्वेही बदलतात. आदल्या रात्री पुतण्याच्या प्लेस्टेशनवर मी 'होय' म्हणायला गेलो आणि 'नाही' झाले. जपानात गुरुजी बरोबर उत्तराला वर्तुळ करतात. म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वर्तुळाचे बटण होकाराचे आणि फुलीचे नकाराचे होते. पश्चिमेकडे बहुतेक खेळांत याच्या उलट. २०२० सालच्या पाचव्या प्लेस्टेशनपासून जपानातही फुली होकाराची झाली, याचा दादाला अजून राग आहे. मी मात्र वीस वर्षे उत्तरपत्रिकांतल्या चुकांभोवतीच तांबडी वर्तुळे काढीत आलो आहे. माझा अंगठा वर्तुळाला होकार कसा देणार?

पुढे १९९६ सालचे निंटेंडो ६४. त्याच्या कंट्रोलरला तीन मुठी आहेत, आणि माणसाला हात दोन! पण मधल्या मुठीवर जो छोटा दांडा आहे, त्याने क्रांती केली. फुली म्हणजे पेटीची पट्टी: सूर लागला किंवा नाही लागला. दांडा म्हणजे सारंगी. थोडा कलवला तर मारिओ चोरपावलांनी चालतो, जास्त कलवला तर धावतो. मधल्या साऱ्या श्रुती अंगठ्याच्या स्वाधीन.

त्याच्या शेजारी १९९५ सालचा 'व्हर्च्युअल बॉय' आहे, तोही योकोईंचाच. टेबलावर दोन पायांचा टेकू ठेवायचा, त्यावरच्या चष्म्यात तोंड खुपसायचे आणि तांबडी चित्रे पाहायची. हातातला कंट्रोलर उत्तम, पण मान मोडते! वर्षभराच्या आतबाहेर हा बारगळला. खेळतो तो माणूस, त्याला अंगठ्याखेरीज मानही असते, हे विसरून चालत नाही. उलट २००६ सालच्या 'वी'ने सांगितले की, बटणे राहू द्या, हात फिरवा. वयोवृद्ध माणसे दिवाणखान्यात टेनिस खेळू लागली. काहींच्या हातून तो कंट्रोलर निसटून भिरकावला जाई, म्हणून त्याच्या मनगटाची दोरी पुढे जाड करून द्यावी लागली, हेही खरे.

खाली आलो. इथे खेळायला मिळते. तिकिटाबरोबर दहा नाणी मिळतात. ती जपून खर्चायची. एका जागी माणसाएवढे अवाढव्य कंट्रोलर उभे केले आहेत. एकट्याने खेळणे अशक्यच, दोघे लागतात. एकाने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने बटणे. दादा सवयीने पुढे झाला, मग थांबला. म्हणाला, "तू फुली घे. मी उडी मारतो."

"उडी!" मी ओरडलो. "अरे, सांगायचं आधी!" दादा ओरडला. पहिला मारिओ पहिल्याच शत्रूवर जाऊन आपटला. दुसऱ्या वेळी मी पुढे ढकलले आणि त्याने उडी मारली, पण आखूड. "दादा, धरून ठेव! गुरू, गुरू!" मी मात्रा मोजू लागलो. दोन्ही तळहातांनी बटण दाबून पन्नाशीकडे झुकलेला माझा भाऊ घामाघूम होऊन हसत होता. आम्ही कुठवर पोचलो, ते सांगण्यासारखे नाही. पण शेवटच्या दोन खड्ड्यांना मी काही बोललोच नाही, आणि उडी वेळेवर पडली.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. खिडकीबाहेर भातखाचरे मागे पडत होती. दादा सकाळच्या चहाविषयी काहीतरी बोलला आणि पुन्हा गप्प झाला. आता हा विषय काढील, मग काढील, म्हणून मी वाट पाहत राहिलो. सहा वर्षे तेच करीत आलो होतो. मग ध्यानात आले की, पहिला रिमोट त्याच्या हातात आता कुठे आहे?

मी पिशवीतून मसुदा काढला.

"वाईचा?" दादाने विचारले.

"हो."

"वाच. चष्मा घरी राहिलाय."

मी सुरू केले.