महालक्ष्मीचं आवतण

आमच्या खत-बियाण्याच्या धंद्यात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे सहलींचे दिवस. तूर निघालेली असते, हरभरा घाटे धरून उभा असतो, दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि कंपन्यांना खरिपाचं बुकिंग हवं असतं. मग कुणी गोव्याला नेतं, कुणी बँकॉकला. २०२५ च्या जानेवारीत एका कंपनीचा टेरिटरी मॅनेजर दुकानात येऊन बसला आणि चहा अर्धा ठेवून म्हणाला, "शेठ, यंदा वेगळाच बेत आहे. फेब्रुवारीचा पहिला रविवार, मुंबई, महालक्ष्मी रेसकोर्स. डर्बी!"

माझं दुकान हिंगोलीत, रिसाला बाजाराच्या बाजूला. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. घोडदळ, पायदळ, तोफा, जनावरांचा दवाखाना, सगळा बारदाना. १९०३ साली कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळली आणि मागं रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं तेवढी उरली. आता आमच्याकडं घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत.

मी हो म्हटलं ते घोड्यांपायी नव्हे. आदल्या खरिपात सप्टेंबरच्या सुरुवातीच्या अतिवृष्टीनं सोयाबीन झोपवलं होतं. जे वाचलं ते हमीभाव ४,८९२ असताना चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. शेतकऱ्यांकडं माझी उधारी अडकली, आणि या कंपनीकडं परत पाठवलेल्या बियाण्याची क्रेडिट नोट ऑगस्टपासून अडकली. फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे, शेठ." मुंबईत मोठे साहेब समोर सापडतील, एवढाच माझा हिशोब.

जिल्ह्यातून आम्ही पाचजण होतो. मुंबईची जनशताब्दी आता हिंगोलीहूनच सुटते, त्यामुळं प्रवासाचं काही वाटलं नाही. सोबत वसमतचे एक काका होते. वय सत्तरीच्या पुढं, हळदीची अडत जुनी, कृषी केंद्र नंतरचं. निमंत्रणपत्रिकेवर सूट किंवा राष्ट्रीय पोशाख अशी अट छापलेली. आम्ही चौघांनी लग्नातले ब्लेझर काढले, दोघांच्या ब्लेझरची बटणं लागेनात. काकांनी धोतर, नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी घातली. गेटवरच्या पोरानं आमच्या बुटांकडं दोनदा पाहिलं. काकांना वाकून "या सर" म्हणाला.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती जमीन. मुंबईच्या मधोमध दोनशेहून जास्त एकर, त्यात २,४०० मीटरची लांबोडकी धाव, भोवती काचेचे टॉवर, पलीकडं हाजीअलीचा समुद्र. १८८३ पासूनची जागा. भाडेपट्टा २०१३ सालीच संपला होता आणि २०२४ मध्ये सरकारनं वाटणी ठरवली: सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानाला, ९१ एकर टर्फ क्लबकडं. आमच्या कळमनुरीच्या दोस्तानं लगेच एकरी भाव विचारला. काकांनी गवत बुटाच्या टोकानं उकरून पाहिलं आणि पाणी कुठून देतात याची चौकशी केली.

कंपनीचा मांडव हिरवळीवर होता. पांढरी टेबलं, शाकाहारी-मांसाहारी वेगळं, बारवर गर्दी. कितीतरी वर्षं या डर्बीच्या नावाआधी मॅकडॉवेल, मग किंगफिशर अशी मद्यकंपन्यांची नावं लागत आली, तेव्हा बारचं नवल नव्हतं. टेरिटरी मॅनेजरनं प्रत्येकाच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. "कंपनीकडून बोहनी. लावा कुठल्याही घोड्यावर." कुणीतरी विचारलं, हा जुगार नाही का? रीजनल मॅनेजर साहेब तयारीचे होते. सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच सांगितलंय म्हणे, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. निकाल खराच आहे. पण आमच्या भागातला बैलांचा शंकरपट २०१४ पासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत कोर्टानं बंद ठेवला होता, आणि त्या बंदीची झळ या मैदानाला लागली नव्हती, हे मला तिथं उभं राहून जरा टोचलंच.

पैसे लावायच्या दोन वाटा. एक टोटची खिडकी, दुसरी बुकीचा फळा. बुकीकडं पैसे दिले त्या क्षणाचा भाव आपला, पुढं काही होवो. टोटमध्ये सगळ्यांचा पैसा एका गल्ल्यात जातो, त्यातून कर आणि क्लबचा वाटा निघतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे आपल्याला किती मिळणार हे शर्यत सुटेपर्यंत कळत नाही. आम्हा मोंढ्यातल्या माणसांना हे समजवावं लागलं नाही. बुकी म्हणजे जागेवरचा सौदा, टोट म्हणजे दिवसअखेर निघणारा भाव. पाचहीजण बुकीकडं गेलो.

शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात. कुंपणाला टेकून उभं राहिलं तर हातभर अंतरावरून जातात. कातडी इतकी पातळ की मानेवरची शीर न् शीर मोजावी. एका घोडीच्या मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस आला होता, मोतद्दार लगाम आखूड धरून तिच्याशी काहीतरी पुटपुटत होता. जॉकी आला तो माझ्या खांद्याला लागेल एवढा. मोतद्दारानं त्याच्या गुडघ्याखाली हात घातला आणि धान्याचं पोतं नव्हे, कापसाचं बोचकं टाकावं तसा तो वर गेला. लोक हातातल्या पुस्तकात वजन, आधीच्या धावा, जॉकी, ट्रेनर पाहत होते. काका मात्र घोड्याच्या छातीवर न् मानेवर भोवरे शोधत होते.

"ह्याला देवमण हाय बघ," ते म्हणाले. "माळेगावात असं जनावर कुणी सोडीत नसतंय."

देवमणवाला शेवटून दुसरा आला.

मांडवात बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. दोन शर्यतींमध्ये अर्धा-अर्धा तास जातो, आणि शर्यत म्हणाल तर मिनिट-दोन मिनिटांची. डर्बीसुद्धा अडीच मिनिटांच्या आसपास आटोपते. म्हणजे चार-पाच तासांत खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, बाकी सगळा वेळ गप्पांना मोकळा. सिनेमाला नेलं तर बोलता येत नाही. हॉटेलात नुसतं जेवायला बसवलं तर पाहुणा तासाभरात मुद्द्यावर येतो. इथं मुद्दा निघाला की साहेबांना उठायला कारण हजर. मी दोनदा क्रेडिट नोटचा विषय काढला. पहिल्यांदा, "चला शेठ, पॅडॉक बघू." दुसऱ्यांदा, "थांबा, सुटले, सुटले!" आणि मांडवभर माणसं उभी. यजमानाच्या सोयीची इतकी चोख जागा मी दुसरी पाहिली नाही.

डर्बीला चार वर्षांचे घोडे धावतात. १९४३ ची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीनं जिंकली होती, हे ऐकून काकांनी यंदाही घोडीवरच लावायचं म्हणून हट्ट धरला. सुटायच्या वेळी मैदान एकदम गप्प झालं. समोरच्या बाजूला रंगीत ठिपके सरकताना दिसले, वळणावर ते एकत्र झाले आणि सरळ धावेला लागल्यावर आवाज आला. टीव्हीवर हा आवाज कळतच नाही. जमिनीतून येतो, बुटाच्या तळव्याला लागतो. मी, कंपनीचा माणूस, पलीकडच्या टेबलावरचा मोत्यांचा हार घातलेला गृहस्थ, सगळे एका सुरात ओरडत होतो. माझे पाचशे गेले. काकांचेही गेले. रीजनल मॅनेजरचा घोडा लागला.

तो खुशीत असतानाच मुख्य कार्यालयातले बडे साहेब आमच्या टेबलाशी आले. सगळे हात मिळवायला उठले. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, तुमच्या माणसाचा घोडा लागला. आनंद हाय. आमच्या पोरांचा रिटर्नचा पैसा ऑगस्टपासून लागंना झालाय, तेवढं बघता का?"

बडे साहेब हसले. मग रीजनल मॅनेजरकडं पाहिलं, तेव्हा हसत नव्हते. "या महिन्यात क्लिअर करा सगळ्यांचं."

रात्री हॉटेलात जेवण होतं. पनीर, सुरमई, गाजराचा हलवा, आणि प्रत्येक ताटाच्या बाजूला खरिपाचा बुकिंग फॉर्म न् पेन. दिवसभर ज्याचं खाल्लं-प्यायलं, त्याच्या तोंडावर आकडा खाली आणायला जीभ उचलत नाही. सगळ्या सहलींचा खर्च याच एका क्षणासाठी असतो, आणि तो शेवटी शेतकऱ्याच्या पिशवीवरच चढतो, हे आम्हा पाचहीजणांना माहीत आहे. डॉक्टरांना औषध कंपन्यांनी असं फिरवू नये म्हणून २०२४ मध्ये केंद्रानं संहिता काढली. आमच्याकडं तो प्रश्नच कुणी विचारत नाही. मी मागच्या वर्षापेक्षा चाळीस पिशव्या जास्त लिहून सही केली.

क्रेडिट नोट एप्रिलात आली. रुपयाही कमी नव्हता, फक्त ती नव्या उचलीतच वळती होणार होती. काकांची रक्कम मात्र मार्चमध्येच सरळ बँकेत जमा झाली होती. हे कसं काय, म्हणून मी वसमतला गेलो तेव्हा विचारलं.

"तुमी जेवायला बसलात," काका म्हणाले. "मी बीपीची गोळी घिऊन आठलाच झोपलो की रे."