आओ नांगचा पिझ्झा

दक्षिण थायलंडच्या क्राबी प्रांतात आओ नांग हे समुद्रकाठचं गाव आहे. पर्यटकांच्या या गावात पिझ्झा जागोजागी मिळतो. पण आमच्यासारख्यांना चांगला पिझ्झा शोधायचा म्हणजे दोन गोष्टी शोधाव्या लागतात, चव आणि खात्री.

मेन्यूत हॅम, बेकन, पेपरोनी. "मग साधा मार्गारिटा घ्या की," मित्र म्हणतात. टोमॅटो, चीज, तुळस, यात अडचण कसली? अडचण सुरीची. ज्या सुरीनं डुकराचं मांस घातलेला पिझ्झा कापला, तिनंच हाही कापणार. शाकाहारी मित्रांना हे लगेच कळतं. पण दर दुकानात चौकशी करताना मुलगी ओशाळते. "अब्बा, राहू द्या ना," म्हणते आणि भात मागवते.

थायलंड बौद्धबहुल देश. तरी क्राबीत मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आओ नांगमध्ये मशीदही आहे. मगरिबची नमाज पढून परतताना एका गल्लीत हिजाब घातलेली बाई मैद्याचे गोळे हातानं पसरताना दिसली. भिंतीवर थायलंडच्या मध्यवर्ती इस्लामिक परिषदेचं हलाल चिन्ह होतं, अरबी अक्षरांतलं. विचारायला काही उरलंच नाही.

पिझ्झा भट्टीतून आला. कडा फुगलेल्या, तळाला काळे डाग, वर कोळंबी आणि लसूण. चव उत्तमच होती. पण मला जास्त आवडलं ते त्याआधीचं. मुलीनं मेन्यू हातात घेतला, वरून खालपर्यंत सावकाश वाचला आणि स्वतःच्या आवडीचं मागवलं.