असर ते मगरिब : मोहर्लीतली एक फायनल

चंद्रपूरहून मोहर्ली साधारण तीस किलोमीटर. पद्मापूरचा कोळशाचा काळा रस्ता मागे पडला की जंगल सुरू होतं आणि पुढे झाडांच्या फटींतून इरई धरणाचं पाणी चमकू लागतं. ताडोब्याला येणारे बहुतेक पाहुणे हे गाव पाहतच नाहीत. पहाटे अंधारात जिप्सीत बसायचं, गेटवर ओळखपत्र दाखवायचं, वाघ दिसला तर खुशीत आणि नाही दिसला तर गाइडवर रुसून परतायचं. मंगळवारी मात्र गेट बंद असतं. गाव पाहायचं तर मंगळवारीच जावं, असं माझं मत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे असेच एका मंगळवारी गेलो. असरची नमाज पढून फिरायला निघालो, तर गावाच्या कडेला मोकळ्या जागेत पोट्ट्यांची फायनल रंगलेली. चपलांचे ढीग म्हणजे गोलपोस्ट. कप म्हणजे लाल फीत बांधलेला स्टीलचा पेला. झाडीच्या बाजूला एका मुलाचे वडील हातात काठी घेऊन उभे. ते जिप्सी चालवतात, त्या दिवशी सुट्टीवर होते. पण त्यांचं लक्ष चेंडूकडे नव्हतं, झाडीकडे होतं. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं या जिल्ह्यात वाघाच्या तावडीत सापडली आहेत. म्हणून इथला नियम साधा : सूर्य झाडांना टेकला की खेळ बंद. जादा वेळ नाही.

सूर्य टेकला तेव्हा सामना एक-एक असा बरोबरीत होता. काठीवाल्या भाऊंनी हाक मारली आणि सगळे निमूट थांबले. एक बारका मुलगा मला म्हणाला, "सर, आता कप कोणाचा जी?" पंधरा दिवस त्यांच्याकडे, पंधरा दिवस आमच्याकडे, असा तोडगा दुसऱ्यानं काढला, पण पहिल्याला तो पटेना. फायनल म्हणजे एक जण हरलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं. बाद पद्धतीच्या स्पर्धेची गंमतच ती आहे. हरला तो घरी.

घराकडे चालता चालता मी त्यांना मुंबईच्या रोव्हर्स कपची गोष्ट सांगितली. हा कप 1891 पासूनचा. कितीतरी वर्षं तो इंग्रजांच्या पलटणीच जिंकत आल्या. मग 1937 साली बेंगलोर मुस्लिम संघानं तो जिंकला, आणि तो जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. फायनलमध्ये त्यांच्यासमोर होता कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, कलकत्ता लीग ओळीनं जिंकत असलेला बलाढ्य संघ. तरीही बेंगलोरवाल्यांनी एका गोलनं बाजी मारली. 1938 चा कपही त्यांचाच. 1940 मध्ये पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. या वेळी मोहमेडननं एकाच गोलनं हिशेब चुकता केला. त्याच वर्षी दिल्लीत इंग्रजांच्या रॉयल वॉरविकशायर पलटणीला 2-1 असं हरवून ड्युरंड कपही त्यांनी आणला. ड्युरंड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ.

"एकाच गोलनं?" बारक्यानं विचारलं. एका गोलनंच, म्हटलं.

मग मी हैदराबादचं नाव काढलं आणि मुलं आणखी जवळ सरकली. आमच्या भागाला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ. बल्लारशाहहून गाडीत बसलं की पोचलंच. हैदराबाद सिटी पोलीस या संघानं 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, तेव्हाही प्रशिक्षक तेच. 'मैदान' सिनेमामुळे त्यांचं नाव आता घरोघरी पोचलंय. पण रहीम साहेब पेशानं शाळामास्तर होते, ही गोष्ट मला सगळ्यात प्यारी. (आमच्या शिक्षककक्षात ती मी जरा जास्तच वेळा सांगतो.)

रोव्हर्स कप 2000-01 नंतर बंद पडला. ड्युरंड अजून चालू आहे, रोव्हर्स नाही. ज्या कपासाठी बेंगलोर, कलकत्ता, हैदराबादचे संघ रेल्वेनं मुंबई गाठायचे, तो सांभाळायला एवढ्या श्रीमंत शहरात कुणी उरू नये, याचं वाईट वाटतं. मुलांना मी एवढंच सांगितलं, की मैदान अजून आहे.

ते मैदान माझ्या मुलांनाही पाहायचं होतं. मे महिन्यात एका नातेवाइकाच्या निकाहासाठी मुंबईला गेलो, तेव्हा त्यांना घेऊन कूपरेजला पोचलो. पिंपं बनवणाऱ्या कारागिरांवरून या जागेला हे नाव पडलं. मैदानावर आता कृत्रिम हिरवळ आहे. आजूबाजूला उंच इमारती, झाडी नाही, काठी घेऊन उभं राहणारं कुणी नाही. मुलांनी कुंपणाला नाक लावून बराच वेळ पाहिलं. मगरिबची नमाज पढून परत आलो, तर मैदानावर दिवे लागले होते आणि खेळ नुकताच सुरू होत होता.