ब्रिस्बेनच्या पुलाचं नाव

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. भाचेबाई,



परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की ऑफिसला जाताना ज्या पुलावर टोल भरावा लागतो त्याचं नाव 'गो बिट्वीन ब्रिज', आणि तो दोन काठांच्या मधून जातो म्हणून तसं नाव ठेवलं असेल. तुझ्या ऑफिसातल्या, ब्रिस्बेनमध्येच वाढलेल्या बाईंचीही तीच समजूत होती म्हणालीस. मी घाईघाईनं सांगितलं, की अगं, ते एका बँडचं नाव आहे, माझ्या सगळ्यांत लाडक्या बँडचं. त्यावर तू विचारलंस, "मामा, इतके चांगले होते तर कुणाला माहीत कसे नाहीत?" तेवढ्यात तुझ्या आईनं फोन मागून घेतला आणि उत्तर राहून गेलं. तेव्हापासून तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलोय.

तो पूल २०१० साली खुला झाला. नाव लोकांच्या मतांनी ठरलं आणि 'द गो-बिट्वीन्स' या बँडवरून पडलं. बँडनं आपलं नाव घेतलं होतं एल. पी. हार्टली यांच्या 'द गो-बिट्वीन' या १९५३ च्या कादंबरीवरून. त्या कादंबरीतला लहान मुलगा दोन प्रेमिकांची पत्रं इकडून तिकडे पोचवतो. आपल्याकडे त्याला निरोप्या म्हणतील. म्हणजे तुमच्या शहरात एक पूल निरोप्यांच्या नावाचा आहे, आणि त्यावरून जाणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नाही.

रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन क्वीन्सलंड विद्यापीठात भेटले, नाटकाच्या वर्गात. ग्रँट सिनेमावेडा होता, त्याला एकही वाद्य येत नव्हतं. रॉबर्टनं त्याला बेस गिटार शिकवली, कारण त्याला वादक नको होता, मित्र हवा होता. हे १९७७ चं साल. क्वीन्सलंडवर तेव्हा प्रीमियर बेल्की-पीटरसन यांचं राज्य होतं, रस्त्यावर मोर्चा काढायलाही बंदी. शहरात चिडलेली, आरडाओरडा करणारी गाणी तयार होत होती. या दोघांनी १९७८ मध्ये पहिली तबकडी काढली, तिच्या एका बाजूला सिनेमानटी ली रेमिक आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथालयात काम करणारी एक मुलगी! पुस्तकं शोधून देणाऱ्या मुलीवर प्रेमगीत लिहिणारा माणूस मला तिथंच आपला वाटला.

पण माझ्या हाती ते पुष्कळ उशिरा आले. १९९१ मध्ये, पुण्यात नोकरीला असताना, खोलीतल्या मित्राच्या भावानं लंडनहून एक कॅसेट आणली होती. वर पेन्सिलीनं फक्त बँडचं नाव. तिच्यात 'कॅटल अँड केन' होतं. गुरं आणि ऊस. १९८३ चं हे गाणं. ग्रँटनं ते लंडनमध्ये, गायक निक केव्हच्या घरी, त्याचीच गिटार घेऊन रचलं. थंड, करड्या शहरात बसून त्यानं उत्तर क्वीन्सलंडमधलं आपलं बालपण आठवलं. शाळेतून उसाच्या फडांमधून घरी निघालेला मुलगा, वडिलांची एक वस्तू, मग पुढे शहर, पुस्तकं. ग्रँट लहान असतानाच त्याचे वडील गेले होते.

तुझे आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कोल्हापूरला बोर्डिंगात होतो. शनिवारी एसटीनं गावाकडे निघालो, की शिरोळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस लागायचा, आणि खिडकीला डोकं टेकून मी एकच विचार करत बसायचो, की आता घरी दारात कोण असेल. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. तुझ्या आईलाही नाही. आणि दहा हजार किलोमीटरवरचा एक माणूस, ज्यानं आपला ऊस कधी पाहिला नाही, ते मला ऐकवत होता. कुठेही गळा न काढता. बापाविना वाढलेल्या मुलाचं गाणं आहे असं कुणी न सांगताही मला कळलं.

आता याच गाण्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्याची कडवी ११ मात्रांच्या हिशेबानं चालतात. आपल्याकडे रुद्र ताल ११ मात्रांचा, पण तोही मैफलीत क्वचितच ऐकू येतो. पॉप गाण्यावर लोक पाय आपटतात ते चाराच्या मोजणीवर. इथं पाय उचलला तर खाली ठेवायची जागा सापडत नाही. बँडमधल्या लिंडी मॉरिसननं त्या गाण्यावर असा ड्रम वाजवलाय, की ऐकणाऱ्याला अडखळल्यासारखं न वाटता चालताना विचारात पडल्यासारखं वाटतं. दोन पुरुषांचा बँड म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. लिंडी नसती तर ते गाणं कागदावरच राहिलं असतं. पुढे बँडमध्ये आलेल्या अमांडा ब्राउनचं व्हायोलिन आणि ओबो काढून टाकून १९८७ चा 'टलूला' हा अल्बम ऐकून बघ, म्हणजे कळेल.

ते न चालण्याचं लोक सांगतात ते कारण नशिबाचं आणि कंपन्यांचं. ते खोटं नाही. पहिल्या दहा वर्षांत त्यांनी अर्धा डझन लेबलं बदलली: ब्रिस्बेनचं एबल, ग्लासगोचं पोस्टकार्ड, मग मिसिंग लिंक, रफ ट्रेड, सायर, बेगर्स बँक्वेट. एखाद्या लेखकाचं प्रत्येक पुस्तक वेगळ्या प्रकाशकानं काढावं आणि आधीचं प्रत्येक वेळी दुकानातून नाहीसं व्हावं, तसं झालं. त्यात लंडनला ते ऑस्ट्रेलियन आणि ऑस्ट्रेलियाला ते लंडनवासी. ही अवस्था माझ्यापेक्षा तुला जास्त समजेल.

काहीजण म्हणतात, फार वाङ्मयीन होते म्हणून चालले नाहीत. हे मात्र मला पटत नाही. त्यांच्याच रफ ट्रेडकडे १९८३ मध्ये मँचेस्टरचे 'द स्मिथ्स' आले. त्यांचा गायक मॉरिसी ऑस्कर वाइल्डचा भक्त, त्याची गाणी पुस्तकांनी भरलेली, आणि त्याच्यासाठी पोरं वेडी झाली. मग फरक कुठे? मी याचा खूप विचार केलाय. मॉरिसीचा 'मी' हा अंगरख्यासारखा आहे, कुणीही एकटं पोरगं तो अंगात घालू शकतं. ग्रँट आणि रॉबर्टचा 'मी' दुसऱ्या कुणाला घालता येत नाही. तो त्या माणसाचाच, त्या गावाचा, त्या दुपारचा. ऐकणाऱ्यानं समोर बसून, कुणाचं पत्र वाचावं तसं ऐकायचं. असं ऐकणारी माणसं असतात, पण ती एका सभागृहात एका वेळी गोळा होत नाहीत.

शिवाय चेहरा एक नव्हता. रॉबर्ट उंच, नाटकी, तुटक बोलल्यासारखा गाणारा. ग्रँट लाजरा आणि चालींचा श्रीमंत. जवळपास प्रत्येक अल्बममध्ये गाण्यांची दोघांत वाटणी. एकाचं गाणं आवडून अल्बम घेणाऱ्याला पुढचं गाणं दुसऱ्याच माणसाचं लागायचं. मला हे दोघे जोडीनंच हवेत. एकाच्या गाण्याला दुसऱ्याचं गाणं उत्तर देतं. पण आकाशवाणीच्या वेळापत्रकात बसायला, दुकानाच्या काचेत लावायला एक तोंड लागतं.

तरी १९८८ च्या '१६ लव्हर्स लेन' पाशी माझी सगळी कारणं लंगडी पडतात. लंडन सोडून ते सिडनीला परतले, प्रेमात होते, ऊन होतं, आणि तो अल्बम कुणालाही आवडावा असा झाला. 'स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन' एकदा ऐकलंस तर दिवसभर गुणगुणशील, आणि संध्याकाळी ध्यानात येईल, की त्या गोड चालीत मधेच बायकांना होणाऱ्या मारहाणीची गोष्ट येऊन गेली. ब्रिटनच्या यादीत ते गाणं ८० च्या आसपास जाऊन थांबलं. ११ मात्रा नव्हत्या, कोडं नव्हतं, तरी थांबलं. यावर मला फक्त राग येतो, उत्तर येत नाही.

पुढच्या वर्षी, १९८९ च्या डिसेंबरात, दोघांनी बँड मोडला. आपसात ठरवलं आणि मग लिंडीला आणि अमांडाला सांगितलं. लिंडी पूर्वी रॉबर्टची सोबतीण होती, अमांडा तेव्हा ग्रँटची. अमांडा त्याला सोडून गेली. इतकी नाजूक गाणी लिहिणाऱ्यांनी असं वागावं हे मला आजही सलतं. तुला हेही सांगायला हवं, नाहीतर मी त्यांना नुसताच शेंदूर फासला असं होईल.

२००० मध्ये ते दोघे नव्या साथीदारांसह पुन्हा उभे राहिले आणि तीन अल्बम काढले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संगीतकारांच्या संस्थेनं देशातली सर्वश्रेष्ठ ३० गाणी निवडली, त्यात 'कॅटल अँड केन' होतं. २००५ च्या 'ओशन्स अपार्ट'ला देशाचा 'आरिया' संगीत पुरस्कार मिळाला. लोक वळू लागले होते. ६ मे २००६ ला ग्रँटच्या नव्या घरी मित्रमंडळी जमायची होती. दुपारी तो जरा आडवा झाला आणि झोपेतच हृदयविकारानं गेला. ४८ वर्षांचा होता. रॉबर्टनं दहा वर्षांनी 'ग्रँट अँड आय' हे पुस्तक लिहिलं. तिथल्या ग्रंथालयात मिळालं तर वाच.

ती कॅसेट मी पुढे एका सहकाऱ्याला दिली, त्यानं कुणाला दिली ठाऊक नाही. परत मागावीशी वाटली नाही.

एक काम सांगतो. त्या पुलावर पायी जायलाही वाट आहे. एखाद्या संध्याकाळी गाडी घरी ठेवून चालत जा. आणि ऑगस्टमध्ये केर्न्सला जाणार आहेस ना? विमानानं न जाता एक टप्पा तरी रेल्वेनं कर. तिकडचा गाळप हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे फड उभे असतील, तोड चालू असेल. खिडकीपाशी बस, 'कॅटल अँड केन' लाव. मला एक फोटो पाठव. उसाला तुरे आलेत का तेवढं बघून सांग.

तुझा,
मामा