जेलीची वाटी

गतवर्षी पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात तापाची साथ आली. तीत आमची एक मैत्रीण आठवडाभर अंथरुणास खिळली. ताप उतरला खरा, परंतु तोंडाला चव म्हणून राहिली नाही. भात पुढे ठेवावा तर मान फिरवी, मुगाचे कढण पाहताच डोळे मिटून घेई. अशा समयी आमच्या आत्याने परदेशाहून धाडलेली जेलीच्या भुकटीची दोन पाकिटे ट्रंकेत पडून आहेत, हे आम्हास आठवले आणि परोपकाराची मोठी उबळ आली. रोग्यास जेली देतात, ती हलकी व पौष्टिक असते, असे आम्ही कोठेतरी ऐकिले होते. कोठे, ते वाचकांनी विचारू नये.

मेट्रनबाईंची परवानगी काढून आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. कृती अगदी सोपी. भुकटीवर उकळते पाणी ओतावयाचे, एकही कण दिसेनासा होईपर्यंत ढवळावयाचे, मग तितकेच गार पाणी घालून भांडे फ्रिजमध्ये ठेवावयाचे. तीन-चार तासांत जेली थिजते. येथवर सारे यथासांग झाले; परंतु नुसती जेली काय द्यावयाची, म्हणून आम्ही तीत ताज्या अननसाचे तुकडे सोडले. रात्री पाहतो तो पिवळे सरबत! सकाळी पाहिले, तरी सरबतच.

विज्ञानाच्या बाईंनी कारण सांगितले. जिलेटिन हे एक प्रथिन आहे. त्याचे लांब धागे गार होताना एकमेकांत गुंततात व त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे पाचकद्रव्य असते. ते या धाग्यांचे तुकडे पाडते, मग जाळे विणले जाणार कसे? पपई, अंजीर व किवी यांचीही हीच खोड. अननस आधी शिजवून घेतला असता तर उष्णतेने ते द्रव्य नष्ट होऊन जेली सुखाने थिजली असती. स्वयंपाकाच्या मावशींना मात्र यात काहीच नवल वाटले नाही. "मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई चोळतो, तसेच हे," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकूनही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

दुसऱ्या पाकिटाची जेली फळाविना केली. ती तांबडीलाल, थरथरणारी अशी सुरेख झाली. मैत्रिणीने एक वाटी संपविली आणि दुसरी मागितली. आठवड्यानंतर प्रथमच ती हसली. आम्हास धन्य धन्य वाटले.

भांडे घासताना मावशी सहज म्हणाल्या, "पायाचा रस्सा रात्री उरला, की सकाळी अस्साच थिजतो, नाही?" आम्ही हसलो, आणि मध्येच थांबलो. केराच्या टोपलीतून पाकीट काढून बारीक अक्षरे वाचली. आधी साखर, तिच्यापाठोपाठ जिलेटिन. आमची मैत्रीण ज्या घरची, त्या घरात अंडेदेखील उंबऱ्याच्या आत येत नाही.

त्या संध्याकाळी ग्रंथालयात बसून जे मिळाले ते वाचले. गाईंची व डुकरांची कातडी आणि हाडे यांतील कोलॅजेनपासून जिलेटिन होते. त्याची भुकटी करण्याचे पेटंट अमेरिकेत पीटर कूपर यांनी 1845 साली घेतले. न्यूयॉर्क संस्थानातील ली रॉय गावी पर्ल वेट या सुताराने, जो खोकल्याची औषधेही बनवी, 1897 साली तीत साखर व फळांचे स्वाद मिसळले; त्याच्या पत्नीने तिला 'जेल-ओ' हे नाव दिले. माल खपेना, म्हणून दोनच वर्षांनी बिचाऱ्याने सारे हक्क 450 डॉलरांस विकून टाकले. पुढे त्याच नावाने केवढी संपत्ती मिळविली!

परंतु आम्हास खरा धक्का बसला तो पौष्टिकतेच्या प्रकरणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये हाडांतून काढलेल्या जिलेटिनचे सूप गोरगरिबांस व इस्पितळांतील रोग्यांस मांसाऐवजी देत. ते पुरेसे पोषक नाही, असा निर्वाळा माझांदी यांच्या समितीने 1841 साली दिला. केवळ जिलेटिनवर ठेविलेली कुत्री जगत नसत. कारण पुढे कळले. शरीरास अत्यावश्यक असलेले ट्रिप्टोफॅन त्यात मुळीच नसते. आमच्या वाटीचा हिशेब तर याहून केविलवाणा. अर्ध्या कपाच्या जेलीत सुमारे 80 कॅलरी, त्यातली साखर सुमारे 19 ग्रॅम, आणि प्रथिन उणेपुरे 2 ग्रॅम. म्हणजे मैत्रिणीचे व्रतही आम्ही मोडले आणि शक्तीही दिली नाही. मुगाचे कढण शतपट बरे होते.

दोन दिवस आम्ही गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा जेली मागू लागली, तेव्हा मात्र सांगणे भाग पडले.

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला ठाऊक होते काय?"

"नव्हते."

"आणि ठाऊक झाल्यावर दोन दिवस?"

यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने उपवास केला. कोणास कारण सांगितले नाही. दिवाळीच्या सुटीपर्यंत ती आमच्याशी कामापुरते बोलली.

सुटीहून परतताना तिने घरून चायना ग्रासचे पाकीट आणले. हे समुद्री शेवाळापासून होते. पाण्यात उकळून विरघळविले, की सुमारे 35 ते 40 अंशांवर ते घट्ट होते. एकदा घट्ट झाले, की 85 अंशांच्या आसपास तापल्याखेरीज वितळत नाही. त्यामुळे फ्रिज नसला तरी चालते. जिलेटिन मात्र अंगाच्या उबेनेही पाझरते. याच अडचणीने कॉखच्या प्रयोगशाळेतील जंतूंचे संशोधन अडले होते. तेव्हा 1881 साली फॅनी हेसे या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातील हाच पदार्थ सुचविला, आणि प्रयोगशाळांतून तो आजतागायत वापरात आहे.

आम्ही दूध तापत ठेविले, वेलदोडे कुटले. तिने पाकीट फोडण्यापूर्वी आमच्या हाती दिले व म्हणाली, "आधी मोठ्याने वाच."

आम्ही वाचले.